हेलसिंकीतली पावाची रांग आणि फिनलंडचे जामीनदार

हेलसिंकीच्या काल्लिओ भागात हेलसिंगिनकातु नावाचा रस्ता आहे. तिथे अन्नवाटपाच्या दिवशी लांबलचक रांग लागते. जाड कोट, कानटोप्या, हातात चाकांच्या पिशव्या. पिशवीत पडतो तो पाव आणि दुकानांत विकला न गेलेला, पण खायला चांगला असलेला माल. सुखी देशांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर असलेल्या देशाच्या राजधानीत ही रांग पाहून आपल्याकडून नवीन आलेला माणूस चक्रावतो.

फिनिश भाषेत हिला ‘लेइपायोनो’ म्हणतात, शब्दशः पावाची रांग. गरिबांना मदत करणारे लोक आधीही होते. हेलसिंकीत हुर्स्ती कुटुंबाचं काम १९६७ पासून चालू आहे. पण अशा रांगा शहरोशहरी रुळल्या त्या १९९० च्या दशकात. देशातली पहिली अन्नपेढी १९९५ साली ताम्पेरे शहरात निघाली. तो काळ इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला एका शब्दाने आठवतो: लामा. लामा म्हणजे मंदी, आणि ही मंदी फिनलंडला १९३० च्या जागतिक महामंदीपेक्षाही जड गेली.

१९९१ ते १९९३ या तीन वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे १० टक्क्यांनी आकसली. १९९० मध्ये बेरोजगारी जेमतेम ३ टक्के होती, १९९४ मध्ये ती १६ टक्क्यांच्या पुढे गेली. पन्नास लाख वस्तीच्या देशात चार लाखांहून जास्त माणसं कामाविना. पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये तर काम शोधणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास एकाला ते मिळत नव्हतं.

एवढं घडलं कसं? सोव्हिएत संघ कोसळला म्हणून, हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. दोन्ही देशांचा व्यापार वस्तुविनिमयासारखा चाले: तिकडून खनिज तेल यायचं, इकडून जहाजं, यंत्रं, कपडे, बूट जायचे, आणि हिशेब एका सामाईक खात्यात जुळवला जायचा. भारताचा सोव्हिएत संघाशी रुपयातला व्यापार जवळपास याच पद्धतीचा होता. १९९० अखेर ही व्यवस्था संपली आणि पुढच्या एका वर्षात तिकडे होणारी निर्यात सुमारे दोन तृतीयांशाने घटली. ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी माल शिवणारे कापडाचे आणि बुटांचे कारखाने त्यातून पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

दुसरं अर्धं उत्तर घरातलं होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे कर्ज मिळवणं म्हणजे बँकेच्या मॅनेजरपुढे टोपी काढून उभं राहणं. १९८६ च्या सुमारास व्याजदरांवरची बंधनं उठली, कंपन्यांना परदेशातून कर्ज घेण्याची मुभा मिळाली, आणि बँका कर्ज देण्यासाठी एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. घरं आणि शेअर वर्षागणिक महागत गेले. मार्क्का, म्हणजे फिनलंडचं तेव्हाचं चलन, परकी चलनांशी ठरावीक दराने बांधलेला होता. मार्क्कातलं कर्ज महाग, जर्मन मार्कातलं स्वस्त. बँकेचा माणूस स्वतःच म्हणायचा, परकी चलनात घ्या, व्याज वाचेल.

हे गणित नेमकं कुठे फसलं ते पाहू. समजा, १९९० मध्ये एखाद्या छोट्या कारखानदाराने एक लाख जर्मन मार्कांचं कर्ज घेतलं. तेव्हा एका जर्मन मार्काला सुमारे २.४ मार्क्का पडत, म्हणजे कर्ज २ लाख ४० हजार मार्क्कांचं. नोव्हेंबर १९९१ मध्ये मार्क्काचं १२ टक्क्यांहून थोडं जास्त अवमूल्यन झालं. हा नवा दर सांभाळण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याज चढवत नेलं, तरी निभाव लागला नाही. ८ सप्टेंबर १९९२ ला मार्क्का मोकळा सोडावा लागला. १९९३ मध्ये तोच जर्मन मार्क ३.५ मार्क्कांच्या घरात गेला. कारखानदाराने एक पैसा नवीन उचललेला नव्हता, तरी मूळ कर्ज मोजायला गेलं तर साडेतीन लाख! त्याची विक्री मात्र मार्क्कात, तीही घटलेली. तारण ठेवलेली इमारत विकावी, तर घरं-इमारतींच्या किमती १९८९ च्या शिखरावरून, महागाई धरता, जवळपास निम्म्यावर आलेल्या. निर्यात करणाऱ्यांना स्वस्त मार्क्काने तारलं, देशातच विकणाऱ्यांना बुडवलं.

बँकाही कोसळल्या. सप्टेंबर १९९१ मध्ये स्कॉपबँक ही बचत बँकांची शिखर बँक फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. डबघाईला आलेल्या बचत बँका १९९२ मध्ये एकत्र करून एक मोठी बँक उभी केली. ऑक्टोबर १९९३ मध्ये तिचे तुकडे करून चार प्रतिस्पर्धी बँकांना विकले आणि बुडीत कर्जं ‘आर्सेनाल’ नावाच्या सरकारी कंपनीकडे दिली. ठेवीदारांचा पैसा बुडला नाही.

खरी झळ बसली ती जामीनदारांना. पतसंस्थेच्या फॉर्मवर ‘जामीनदार क्र. १’ आणि ‘जामीनदार क्र. २’ अशा दोन ओळी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत; सही मागणारा बहुधा मेहुणा नाहीतर शेजारी असतो. इथेही तसंच होतं. भावाच्या, मित्राच्या धंद्यासाठी सही केलेल्या माणसाच्या निव्वळ पगाराचा साधारण एक तृतीयांश वसुली खात्याकडे वळता होऊ लागला. कित्येकदा तेवढ्यात व्याजही फिटत नसे, त्यामुळे आकडा वाढतच जाई. पत बिघडल्याची नोंद झाली की भाड्याने घर मिळणंही कठीण. १९९३ मध्ये कर्जफेड-समायोजनाचा कायदा आला: न्यायालय ऐपतीप्रमाणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा हप्ता ठरवून देई, तो भरला की उरलेलं माफ. चांगला कायदा, पण सगळे त्यात बसले नाहीत. कोर्टाच्या वसुली आदेशाला साधारण १५ वर्षांची मुदत घालणारा नियम मार्च २००८ मध्ये लागू झाला, आणि तेव्हा कुठे अनेकांचं जुनं ओझं उतरलं. तोवर सही करणारे चाळिशीतले लोक निवृत्तीला टेकले होते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मंदीच्या खाईतही इथली उत्पन्नातली विषमता फारशी वाढली नाही, कारण बेकारभत्ता आणि करव्यवस्था टिकून होती. ती वाढली दशकाच्या उत्तरार्धात, अर्थव्यवस्था सावरल्यावर. आत्महत्यांचं प्रमाणही १९९० मध्ये शिखरावर होतं आणि मंदीच्या वर्षांत उतरत गेलं. त्याआधीच, १९८६ मध्ये, राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध प्रकल्प सुरू झालेला होता. मंदी आली की सगळंच बिघडतं असं धरून चालू नये. काय बिघडतं हे काय कापलं जातं यावर ठरतं.

आणि कापलं गेलं ते लहान मुलांच्या भोवतालचं. नगरपालिकांनी वर्गातली मुलं वाढवली, शिक्षकांना काही आठवडे बिनपगारी घरी बसवलं, शाळेतल्या परिचारिका आणि मानसतज्ज्ञ कमी केले. आजारी आईच्या किंवा बाळंतिणीच्या घरी येऊन स्वयंपाक आणि मुलं सांभाळणाऱ्या पालिकेच्या मदतनीस बायका जवळजवळ नाहीशा झाल्या. शाळेतलं फुकट जेवण तेवढं कायद्यामुळे वाचलं. १९८७ मध्ये जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ६० हजार मुलांची वाटचाल इथल्या सरकारी संशोधन संस्थेने नोंदींवरून तपासली आहे. मंदी आली तेव्हा ही मुलं शाळेच्या उंबरठ्यावर होती. त्यांच्यातली मानसोपचारांची गरज आणि पालकांची गरिबी व शिक्षण यांचा घट्ट संबंध त्या अभ्यासात दिसतो. राष्ट्रीय उत्पन्न १९९६ च्या सुमारास पूर्वपदावर आलं. मदतनीस बायका काही परतल्या नाहीत.

जामीनदारांसाठी मात्र १९९९ मध्ये वेगळा कायदा झाला. खासगी माणसाकडून जामीनकीची सही घेण्याआधी तो नेमका कशाची जबाबदारी घेतो आहे, कर्जदाराची इतर देणी किती आणि फेडण्याची ऐपत काय, हे बँकेने त्याला सांगायचं. हप्ता चुकला तर कळवायचं. आणि ‘याची सगळी देणी मी भरीन’ अशी मोघम सही चालत नाही. तीत कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली नसेल, तर ती जामीनकी खासगी माणसाला बांधत नाही.