बीटलच्या इंजिनात कुठलं ऑईल? माझा अनुभव

हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलसाठी ऑईल शोधायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "इंजिन जुनं आहे, जाड ऑईल टाका." निवड करताना मी हा सल्ला आधी बाजूला ठेवला. या इंजिनात गरजेपेक्षा जाड ऑईलमुळे गाडी कमी नाही, उलट जास्त तापू शकते. तसं का होतं हे समजलं की पुढची निवड बरीच सोपी होते.

१३०० ते १६०० सीसीच्या बीटल इंजिनात ऑईल असतं फक्त २.५ लीटर. पाण्याचा रेडिएटर नाही, त्यामुळे पंख्याच्या हवेखालोखाल उष्णता वाहून नेण्याचं काम ऑईलच करतं. मूळ इंजिनात कागदी फिल्टरही नाही. तळाला तारेची एक जाळी आहे, आणि तिच्यात मोठा कचरा तेवढा अडकतो. बारीक काजळी आणि धातूचा चुरा ऑईलमध्येच फिरत राहतो. म्हणून इथे ऑईल महागडं असण्यापेक्षा ते योग्य दाटपणाचं असणं आणि वेळेवर बदललं जाणं जास्त महत्त्वाचं.

आता जाड ऑईलचा मुद्दा. पंपातून निघालेलं ऑईल थेट बेअरिंगकडे जायचं की आधी ऑईल कूलरमधून जायचं, हे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. त्यात एक दट्ट्या आणि स्प्रिंग असते. इंजिन थंड असताना ऑईल दाट असतं, दाब वाढतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि ऑईल कूलर टाळून थेट पुढे जातं. जास्तीचं परत तळात पडतं. ऑईल तापून पातळ झालं की दाब उतरतो, दट्ट्या वर येतो आणि मग सगळं ऑईल कूलरमधून जाऊ लागतं. ऑईल फारच दाट असेल तर दट्ट्या बराच वेळ खालीच राहतो. दाब दाखवणाऱ्या गेजवर आकडा झकास दिसतो, पण कूलरला ऑईल पुरेसं मिळतच नाही. शिवाय थंड इंजिन लगेच जोरात फिरवलं तर या वाढलेल्या दाबाने कूलरखालची रबरी सील फुटू शकतात. १९७० पासूनच्या इंजिनांत दोन व्हॉल्व्ह आले, त्याने परिस्थिती सुधारली. तरी दट्ट्या अडकला असेल तर कुठलंही ऑईल कामाचं नाही. म्हणून ऑईल विकत घेण्याआधी मी तो काढून पाहतो: तो भोकात सहज सरकला पाहिजे, अंगावर ओरखडे नसावेत.

दाटपणा किती हवा? त्या काळी कंपनीने बेताच्या गरम हवेसाठी एसएई ३० (एसएई म्हणजे ऑईलच्या दाटपणाची प्रमाणित श्रेणी) आणि कडक उन्हाच्या प्रदेशांसाठी एसएई ४० अशी सिंगल ग्रेड ऑईल सुचवली होती. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असतो, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे आजचं १५डब्ल्यू-४० (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत वाहण्याचा, नंतरचा तापल्यावरच्या दाटपणाचा) तापल्यावर जुन्या एसएई ४० च्याच पट्ट्यात येतं, आणि थंड असताना त्याहून सहज वाहतं. सुरुवातीच्या काही सेकंदांत दोन्ही बाजूंच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफांपर्यंत) ऑईल लवकर पोचणं मला फार मोलाचं वाटतं. म्हणून इंजिनाची अवस्था चांगली असेल तर माझी पहिली पसंती १५डब्ल्यू-४०. कडक उन्हात लांब पल्ल्याने चालणाऱ्या किंवा बेअरिंग झिजलेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-५०. गोठवणाऱ्या थंडीत १०डब्ल्यू-४०. आजच्या गाड्यांची ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-२० यात अजिबात नको.

दुसरी कसोटी कॅमशाफ्टची, म्हणजे फिरता फिरता व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. त्याचे उंचवटे (कॅम) ज्यांना ढकलतात ते टॅपेट. बीटलचे टॅपेट सपाट तोंडाचे आहेत, रोलर नाहीत. कॅमचं नाक टॅपेटवर घासत जातं, आणि त्या जागी धातूला वाचवतो तो झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेला घटक. फॉस्फरसमुळे आधुनिक गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून एपीआय एसएम (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने ठरवलेली ऑईलची प्रत) आणि त्यापुढच्या प्रतींमध्ये पातळ ग्रेडच्या ऑईलवर ८०० पीपीएमची (दहा लाखांत ८०० भाग) कमाल मर्यादा आली. डब्यावरचं नुसतं "नवीन प्रत, जास्त चांगली" हे गणित इथे लागू पडत नाही. मी कंपनीच्या डेटाशीटमध्ये फॉस्फरसचा आकडा पाहतो. १,००० ते १,२०० पीपीएम असेल तर समाधान. डिझेल इंजिनांसाठीच्या सीआय-४ प्रतीच्या १५डब्ल्यू-४० मध्ये तो बहुधा या आसपास सापडतो, आणि काजळी धरून ठेवण्याची ताकदही चांगली असते. फिल्टर नसलेल्या इंजिनाला ती उपयोगी पडते. झेडडीडीपीची वेगळी बाटली आणून ओतणं मला पटत नाही. ऑईलमधल्या घटकांचं प्रमाण ठरवूनच मिश्रण केलेलं असतं, आणि जास्त फॉस्फरस म्हणजे जास्त संरक्षण असं होत नाही.

सिंथेटिक चालेल का? चालेल. ते जास्त उष्णता सोसतं, आणि चांगल्या सीलमधून केवळ सिंथेटिक आहे म्हणून गळत नाही. पुशरॉडच्या (टॅपेटचा धक्का रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांची सील आधीच कडक झाली असतील तर गळती उघडी पडते एवढंच. पण फिल्टर नसताना ते दर ५,००० किलोमीटरला काढून टाकावंच लागतं, म्हणून मी खनिज ऑईलवर समाधानी आहे. नवीन कॅम-टॅपेट बसवले असतील तर सुरुवातीला खनिजच. इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यावर साधारण २० मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास ठेवायचं, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडायचं नाही. कमी फेऱ्यांवर कॅमवर ऑईल कमी उडतं आणि नाक तिथेच खरवडलं जातं.

बदलताना क्रम महत्त्वाचा. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासायची, बहुतेक इंजिनांत ०.१५ मिलिमीटर. त्यानंतर गाडी फिरवून गरम करायची आणि मग ऑईल सोडायचं, म्हणजे तरंगती घाण त्याच्याबरोबर निघून जाते. तळाची गोल प्लेट सहा टोपी-नटांवर असते. जाळी काढून धुवायची, दोन्ही गॅस्केट आणि सहाही तांब्याचे वॉशर नवे घालायचे, आणि जाळीचं तोंड पंपाच्या नळीवर घट्ट बसलंय ना ते पाहायचं. जाळीत चमकता चुरा असेल तर चुंबक फिरवा: चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, नाही तर बेअरिंग किंवा ॲल्युमिनियम.

सगळ्यात जास्त नुकसान या सहा नटांवर होतं. त्यांना हवा फक्त ७ न्यूटन-मीटर टॉर्क. लांब पान्याने आवळले की प्लेट वाकते आणि ऑईल झिरपू लागतं. ते थांबवायला आणखी आवळलं की मऊ मिश्रधातूच्या केसमधून स्टड आट्यांसकट बाहेर येतो. गॅस्केटवर सीलंटही नको. त्याचा सुटलेला तुकडा थेट जाळीत जातो.

ऑईल भरताना २.५ लीटरच्या वर जायचं नाही. इंजिन चालवून, डॅशबोर्डवरचा ऑईल दाबाचा दिवा विझल्यावर बंद करून, सपाट जागेवर काही मिनिटं थांबून डिपस्टिक पाहायची. पुलीमागे या इंजिनाला रबरी सील नाही, ऑईल मागे ढकलणारे आटे आहेत. जास्तीचं ऑईल तिथून बाहेर फेकलं जातं. डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढली तर इंधन पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. तसं ऑईल बेअरिंग खातं. पंप दुरुस्त करून ऑईल लगेच बदलायचं. छोट्याच फेऱ्या होत असतील तर वाफेचं पाणी साचतं, ऑईल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसतो. तेव्हा किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांत बदल करायचा.

निवड बरोबर ठरली का, हे गेजवर कळतं. एसएई ३० ऑईल ७० अंशांवर आणि २,५०० आरपीएमला साधारण ४२ पीएसआय दाब अपेक्षित आहे, २८ ही झिजेची मर्यादा. डॅशबोर्डचा दिवा मात्र २ ते ६ पीएसआयच्या दरम्यान लागतो, म्हणजे तो फार उशिरा सांगतो. ऑईलचं तापमान १२० अंशांच्या वर राहत असेल तर आधी ऑईल बदलायचं नाही. कूलरच्या पाकळ्यांमधली धूळ, पंख्याचा पट्टा आणि इंजिनाभोवतीचे पत्रे तपासायचे. १५डब्ल्यू-४० घालून गरम इंजिनात आयडलला दिवा लुकलुकत असेल तर २०डब्ल्यू-५० वर जायला हरकत नाही. त्यावरही लुकलुकला तर तिसरं ऑईल शोधण्यात अर्थ नाही. त्या दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजायचा, मग रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग, मग पंपाची फट आणि शेवटी मुख्य बेअरिंग, या क्रमाने पुढे जायचं.