केळ्यांच्या पंगतीत

बोर्डावर छोटे बाण फेकायच्या डार्ट्स या खेळाच्या वर्ल्ड कपची तिकिटं काढताना भाच्यानं तारीख नीट पाहिलीच नव्हती, हे मला फ्रँकफर्टच्या यू-7 मेट्रोत बसल्यावर कळलं.

"मावशी, चिडणार नसशील तर एक सांगू? गट साखळी गुरुवार-शुक्रवारीच आटोपली. आपली जोडी गेली बाहेर."

म्हणजे भारताच्या नितीन कुमारची जोडी खेळून गेलीसुद्धा, आणि मी डोंबिवलीहून आणलेला छोटा तिरंगा पर्समध्ये घडी घालून घेऊन निघाले होते. 14 जून 2025, शनिवार. बाहेर मे महिन्यातल्या नागपूरसारखं ऊन, आणि आम्ही निघालो होतो आइसस्पोर्टहालेला, म्हणजे चक्क बर्फावरच्या खेळांच्या हॉलमध्ये! बर्फाचा अर्थातच पत्ता नव्हता.

डार्ट्सच्या वर्ल्ड कपमध्ये चाळीस देश आणि प्रत्येकाची दोघांची जोडी. मला वाटलं होतं, टेनिससारखं खुर्चीत गप्प बसून बघायचं असेल. आत पाहते तर लग्नाच्या पंगतीसारखी लांबच लांब टेबलं, बाकडी, बिअरचे पेले आणि सगळे बाकड्यांवर उभे. आमच्या टेबलावर केळ्याचा वेष केलेले चौघे. पिवळ्या सालीत घामानं निथळत होते बिचारे, पण साल उतरवायला एकही तयार नाही.

कबूल करते, मी एकही डार्ट बोर्डात घुसताना थेट पाहिला नाही. बोर्ड जेमतेम दीड फुटाचा. मागच्या रांगेतून तो बटणाएवढा दिसतो. सगळे पाहतात ते मोठा पडदाच. मग घरच्या टीव्हीवर काय वाईट होतं, असं मी भाच्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण जर्मनी विरुद्ध इंग्लंड सुरू झालं.

इंग्लंडचे दोघंही ल्यूक. हम्फ्रीज आणि लिटलर, तेव्हा क्रमवारीत जगातला पहिला आणि दुसरा. हम्फ्रीज 2024 चा विश्वविजेता, लिटलर 2025 चा. समोर मार्टिन शिंडलर आणि रिकार्डो पीत्रेच्को. या दुसऱ्याला प्रेमानं पिकाचू म्हणतात. कागदावर सामना झालाच नसता.

लिटलर नेम धरायला उभा राहिला आणि अख्ख्या हॉलनं शिट्ट्या सुरू केल्या. अठरा वर्षांचं पोर! माझ्या भाच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आमच्या चाळीत कॅरमच्या वेळी कुणी स्ट्रायकर लावताना नुसतं खाकरलं तरी काका खेळ थांबवायचे. मी शेजारच्या केळ्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि तोंडावर बोट ठेवलं. त्यानं हसून मलाच बिअर देऊ केली.

"मावशी, वर्ल्ड चॅम्पियनशिपचे पाच लाख पौंड मिळालेत त्याला," भाचा म्हणाला. "तू कशाला जीव टाकतेस?"

पैसे मिळाले म्हणून शिट्ट्या ऐकू येत नाहीत का?

पण हळूहळू मला त्या शिट्ट्यांच्या पलीकडचं दिसायला लागलं, आणि ते ओळखीचं होतं. एकट्याच्या खेळात 501 पासून खाली शून्यावर येत शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे दुप्पट गुणांच्या बाहेरच्या अरुंद कड्यात, मारला की डाव तुमचा. इथे मात्र तीन डार्ट तुम्ही मारायचे, नंतर प्रतिस्पर्धी मारणार, आणि उरलेला आकडा तुमच्या भिडूच्या वाट्याला. समजा 52 उरलेत आणि हातात शेवटचा डार्ट आहे. 12 मारलात तर भिडूला 40 उरतात, म्हणजे डबल 20. साधा 20 मारलात तर 32, म्हणजे डबल 16. तुम्हाला काय आवडतं याला इथे किंमत नाही, त्याचा हात कुठे बसतो हे ठाऊक हवं. कॅरममध्ये खेळताना भिडूच्या हाताशी कुठली सोंगटी राहील, हे आधी बघतात, तसंच.

दोन्ही ल्यूक आपापल्या जागी राजेच, पण मला ते एकाच बोर्डावर दोन वेगवेगळे डाव मांडल्यासारखे वाटले. (हे माझं मत. भाचा म्हणतो, तुला दोन तासांपूर्वी तिप्पट गुणांचा ट्रिपल माहीत नव्हता.) जर्मन जोडी मात्र दर वेळी एकमेकांशी काहीतरी पुटपुटायची, हातावर हात मारायची. जर्मनी 8-4 नं जिंकली.

शेवटचा डबल बसला तेव्हा मी बाकड्यावर उभी होते. कधी चढले ते आठवत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांना हे सांगायचं नाही असं भाच्याला बजावलंय. आणि हो, शेवटच्या दोन डावांत मीसुद्धा शिट्टी वाजवली. लिटलरवर नाही, हम्फ्रीजवर. तो तिशीचा आहे.

केळ्यांपैकी एकानं पर्समधून डोकावणारा तिरंगा पाहिला आणि खुणेनं विचारलं. मी सांगितलं, आमचे काल गेले. त्यानं इतका दुःखी चेहरा केला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

रविवार डार्मस्टाटला भाच्याचे कपडे धुण्यात आणि भाजी चिरण्यात गेला. उत्तर आयर्लंडच्या जॉश रॉक आणि डॅरिल गर्नी यांनी वेल्सला 10-9 नं हरवून कप नेला, हे फोनवर कळलं. आम्ही घेवडा निवडत होतो.

त्याच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक जुना बोर्ड टांगलाय. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या मित्रांनी आम्हा दोघांना खेळायला बोलावलं. जमिनीवर 2.37 मीटरची चिकटपट्टी लावलेली. मी रीतसर भिडूला विचारलं, "तुझा आवडता डबल कुठला?"

"लागेल तो," म्हणाला.