सवाईत कलाकाराला भेटायचंय? चपला पिशवीत घ्या

"कार्यक्रम झाला की मंचाच्या मागच्या फाटकाशी जाऊन थांबा, सगळे भेटतात." पुण्यात शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पहिल्यांदा जाणाऱ्याला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तो साफ चुकीचा आहे. महोत्सव पूर्वी रमणबाग शाळेत व्हायचा तेव्हा चालतही असेल, पण मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात तो उपयोगाचा नाही. मंचामागे पास लागतो, स्वयंसेवक ठाम असतात आणि ते त्यांचं कामच करत असतात. यंदा शनिवारी त्या फाटकाशी पंचवीसेक माणसं पाऊण तास कुडकुडत उभी होती. कलाकाराची गाडी आली, काचा वर होत्या, निघून गेली. कुणालाही दर्शनसुद्धा झालं नाही.

 

कोणत्या कलाकाराला भेटायचं ते आधी ठरवा, कारण कार्यक्रमातला क्रम फार महत्त्वाचा असतो. दुपारी सुरुवातीला गाणाऱ्याला भेटणं सगळ्यात सोपं: मंडप अर्धा रिकामा, कलाकार बहुधा तरुण, आणि पुढचं गाणं ऐकायला तो स्वतःच श्रोत्यांत येऊन बसण्याची शक्यता बरीच. मधल्या क्रमावर जेमतेम वेळ मिळतो. शेवटच्या कलाकाराचा नाद सोडा. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागतात, शनिवारी सवलत मिळते तीही बारापर्यंतच; त्यामुळे शेवटी सगळ्यांचीच आवराआवर घाईत चालते आणि दिवसभर थकलेल्या कलाकाराला हॉटेल गाठायचं असतं. त्याच रात्री मुंबईची गाडी धरायची असेल तर भेटीचा विचारच करू नका.

आता खरी अडचण. शेवटच्या तिहाईनंतर, म्हणजे तीनदा घेतलेल्या समारोपाच्या तुकड्यानंतर, टाळ्या होतात, सत्कार होतो, कलाकार मंचावरून उतरतो आणि पुढच्याची वाद्यं लावायला सुरुवात होते. भेट व्हायची तर याच दहा-पंधरा मिनिटांत. नेमकी ही मिनिटं खाली बैठकीवर बसलेले लोक चपला शोधण्यात घालवतात. भारतीय बैठकीच्या कडेला शेकडो जोड पडलेले असतात, वरून अंधार, आणि त्याच वेळी निम्मा मंडप चहा-वड्याच्या स्टॉलकडे निघालेला असतो. त्या लोंढ्याला आडवं जाऊन मंचाच्या बाजूला पोचायला शनिवारी नऊ मिनिटं लागली, त्यातली पाच निव्वळ चपलांची. म्हणून जाड कापडी पिशवी न्या, चपला तिच्यात घालून मांडीशी ठेवा. बसायची जागा मधोमध घेऊ नका. आवाज तिथे छान येतो हे खरं, पण उठून बाहेर पडता येत नाही. कलाकार मंचावरून जिकडे उतरतात त्या कडेची, मधल्या वाटेलगतची जागा धरा. खुर्चीचं तिकीट असेल तर चपलांचा प्रश्नच नाही. आणि भैरवी (शेवटची रचना) किंवा द्रुत (जलद लयीचा भाग) चालू असताना उठू नका. मंचावरून ते दिसतं, आणि ज्यांचं गाणं अर्धवट टाकून आलात त्यांच्यासमोर मग कोणत्या तोंडाने उभं राहणार?

मुख्य कलाकाराकडे धावण्याऐवजी साथीदार गाठा. हे कुणी सांगत नाही, पण यानेच काम होतं. गवई पाच मिनिटांत शाल गुंडाळून आत जातो. तबलजीला मात्र तबला-डग्गा पिशवीत भरायचा असतो, हार्मोनियम पेटीत जाते, तानपुरे गवसणीत आणि मग खोक्यात. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तानपुऱ्यावर बसलेले बहुधा शिष्य असतात. त्यांच्या वादनाबद्दल, स्वरसाथीबद्दल मनापासून एखादं वाक्य बोला, मग विचारा, "बुवांना दोन मिनिटं नमस्कार करता येईल का?" रविवारी दुपारी याच वाटेने चौघांना आत बोलावणं आलं आणि गायिका ताई खुर्ची ओढून चक्क सात मिनिटं बोलल्या! भरायला चाललेल्या वाद्याला हात लावू नका, "मी धरू का" म्हणूनही नाही. सुरात लावलेलं वाद्य परक्या हाताने हललं तर कुणालाच आवडत नाही.

बोलायचं काय? "आम्ही तुमचे खूप मोठे चाहते" याला धन्यवादाखेरीज उत्तर नसतं. गाण्यातलं नेमकं विचारा. ताल विचारू नका. तिलवाडा सोळा मात्रांचा, झुमरा चौदांचा, तो मोजून आपल्याला कळायला हवा. शुद्ध कल्याण राग ऐकला असेल तर अवरोहातला, म्हणजे उतरत्या स्वरांतला, निषाद इतका उघडा ठेवण्याची रीत कुणाकडून आली, हा प्रश्न चालतो. बंदिश कुणाची, हाही चालतो. यावर कलाकार खुलतात. मराठी गवयाला बुवा, गायिकेला ताई, उत्तरेकडच्यांना पंडितजी किंवा खाँसाहेब म्हणा. गळा तापलेला असतो आणि बाहेर डिसेंबरातली थंडी, त्यामुळे तोंडावर मफलर घेऊन नुसती मान हलवली तर राग मानू नका. दोन ओळी गुणगुणायला सांगणं, न विचारता मोबाइलवर बोलणं टिपणं, पेढ्यांचा पुडा पुढे करणं, हे तिन्ही टाळा.

सही हवी असेल तर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर. सीडीच्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतो, जेलची शाई पसरते. सही झाल्यावर अर्धा मिनिट वाळू द्या, नाहीतर समोरच्या पानावर उमटते. फोटोसाठी कॅमेरा आधीच उघडा, काच पुसा, फ्लॅश बंद ठेवा, आणि फोन स्वयंसेवकाकडे नको, सोबतच्याकडे द्या.

परतीचं गणित आधी करून ठेवा. शनिवारी रात्री बाराला बाहेर पडलात तर मेट्रो नसते आणि फाटकाबाहेरचे रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. शिवाजीनगरचे साडेतीनशे मागितले गेले. हा सरळ लुबाडण्याचा प्रकार आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. सहा किलोमीटरचे साधारण १०२ होतात आणि मध्यरात्रीनंतरचे पंचवीस टक्के धरूनही १२७. फाटकाशी घासाघीस करत बसू नका. स्वारगेटच्या दिशेने दहा मिनिटं चालत जा, मोठ्या रस्त्यावर मीटरची रिक्षा मिळते. बाकीच्या दिवशी दहाला संपतं, तेव्हा स्वारगेट मेट्रो वीस-पंचवीस मिनिटांत चालत गाठता येते. भेटीसाठी थांबलात तरी साडेदहाला निघालंच पाहिजे.