तुक्क्याचा हिशेब

आमच्या अभ्यासिकेत तुक्क्यावरून कायम दोन तट. एकाचं म्हणणं, येत नाही तो प्रश्न सोडून द्यायचा. दुसऱ्याचं, नव्वदच्या खाली अटेम्प्ट गेले की यूपीएससीची प्रिलिम, म्हणजे पूर्व परीक्षा, गेलीच समज. शेवटी चहा तसाच ठेवून कागद-पेन घेतलं.

तिथल्या जीएस (सामान्य अध्ययन) पेपरला बरोबर उत्तराचे 2 गुण. चुकलं की त्याचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण 0.67 वजा. चारपैकी कुठलाही गोळा डोळे मिटून काळा केला, तर बरोबर येण्याची शक्यता 1/4. सरासरी कमाई 0.5 वजा 0.5. चक्क शून्य! एक पर्याय बाद करता आला की दर प्रश्नामागे 0.22 गुण, दोन बाद झाले की 0.67.

सरासरी शून्य असली तरी आपल्याला पेपर एकदाच द्यायचा असतो. असे 20 आंधळे तुक्के मारले, तर गुण घटण्याची शक्यता साधारण 41 टक्के, वाढण्याची 38. तीनच बरोबर आले तर 5.33 गुण गेले, आणि कट-ऑफच्या काठावर तेवढ्यात वर्ष जातं.

मग प्रत्येक मॉक टेस्टमध्ये अंदाजे दिलेल्या उत्तराशेजारी उरलेल्या पर्यायांचा आकडा लिहायला लागलो: 2, 3 किंवा 4. दोन उरलेल्यांत निम्मी तरी बरोबर यायला हवीत ना? माझी कमीच येत होती. साहजिक आहे, पेपर काढणारा चकवा देणारा पर्याय मुद्दाम ठेवतो, नाणेफेक करत नाही. तरीही 25 टक्क्यांच्या वर असाल तोवर फायदाच, म्हणून दोन उरले की मी आता गोळा रंगवतोच.

2023 च्या पेपरने मात्र बऱ्याच प्रश्नांत पर्याय बाद करण्याची सोयच काढून घेतली. ‘फक्त 1 आणि 2’, ‘फक्त 2 आणि 3’ अशा पर्यायांत पहिलं विधान चूक आहे एवढं कळलं, तरी बरंच काम व्हायचं. ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर?’ असं विचारलं, की तेवढ्या माहितीवर फक्त ‘तिन्ही’ बाद होतं. असे प्रश्न मी तीन उरलेल्यांत धरतो.

धाकटी बहीण एमएचटी-सीईटी देतेय. तिथे निगेटिव्ह मार्किंगच नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस, एवढंच तिला सांगितलं. मैत्रिणींनी तिला ‘सगळीकडे सी’ हा मंत्र आधीच दिलाय. असो बापडा, शक्यता तीच 1/4.