साडेचार वाव

एप्रिल संपताना काकूचा फोन आला, तर तो ख्यालीखुशालीचा नसतो, हे मला आता पाठ झालंय. "मोटर फिरते रे, पण पाणी चढत नाही," ती म्हणाली. मी डोंबिवलीत, विहीर लांज्याजवळच्या आमच्या वाडीत. फोनवरून मी दोनच गोष्टी करू शकत होतो, काळजी आणि चौकशी.

"पाणी पाजलंस का?"

"तीनदा पाजलं. पितो आणि गप्प बसतो."

ज्यांच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असतं त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावरचा पंप कोरड्या घशाने पाणी ओढत नाही. वरचं बूच काढून तांब्यातांब्याने त्याच्यात पाणी ओतायचं, पाइपातली हवा बुडबुडत बाहेर पडली की बूच आवळायचं आणि मग बटण दाबायचं. हे पाणी खाली निसटू नये म्हणून पाइपाच्या तळाशी एक झडप असते. तिचं नाव फूटव्हॉल्व्ह, पण आमच्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात. "फुटबॉल गेला" म्हणजे झडपेतला रबरी वायसर कडक झाला किंवा त्याच्या फटीत फणसाच्या पानाचा देठ अडकला. एकदा तर काडेपेटीतल्या काडीएवढ्या देठापायी आम्ही तीन दिवस बालद्या वाहिल्या होत्या.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकली आणि पाच मिनिटांत निकाल लागला: बोअर मार. आमच्या घराण्यात कोणी आजारी पडलं तरी इतकं एकमत होत नाही. मीही रात्रीच्या गाडीत मोबाइलवर तीन नवे पंप बघून ठेवले. पंप जुना, पाइप जुना, सगळंच बदलून टाकू, एकदाची कटकट मिटेल, असा माझा बेत.

सकाळी गावातला मोटारवाला आला. हत्यारांची पिशवी त्याने उघडलीच नाही. कठड्यावरचा एक खडा उचलून आत टाकला, कान दिला आणि म्हणाला, "पंपाला काय झालेलं नाय. पाणी खाली गेलंय."

मला वाटलं, याला काम टाळायचंय. पण या माणसाचा एक पूर्वज चारशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेलाय. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या संवादांत एक पात्र सांगतं की, पंप पाणी देईना म्हणून मी कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाण्यात आहे. पाणी फार खाली गेलंय आणि अठरा हातांपलीकडे ते केसभरही वर येणार नाही. हे असं का, ते गॅलिलिओलाही नीट सांगता आलं नव्हतं. पुढे त्याच्या शिष्याने, तोरिचेल्लीने, पाऱ्याच्या नळीवरून ते उलगडलं. पंप पाणी ओढतच नाही मुळी. तो पाइपातली हवा काढून जागा करून देतो, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर बसून त्याला वर रेटते. हवेच्या अंगात जेवढा जोर तेवढंच पाणी चढणार, फार तर १०.३ मीटर, म्हणजे चौतीस फूट. तेही कागदावर. आमच्यासारखा जुना, सांध्यासांध्यातून सुस्कारे टाकणारा पंप पंचविशीतच दमतो.

"किती खाली असेल?" मी विचारलं.

उत्तर मोटारवाल्याने नाही, काकूने दिलं. "साडेचार वाव."

दोन्ही हात पसरून धरलेल्या दोरीची लांबी म्हणजे एक वाव, चार हातांचा. मी मनात गुणाकार केला. साडेचार वाव म्हणजे अठरा हात! इटलीतला हात आपल्यापेक्षा लांब, त्यामुळे त्यांचे अठरा हात चौतीस फूट भरतात आणि आपले सत्तावीस. पण आमच्या पंपाने मान टाकायला सत्तावीस पुरेसे होते.

घरात मोटर आली तेव्हा रहाट काढून टाकू, असं सगळ्यांनी सुचवलं होतं. काकूने काढू दिला नाही. आजही सकाळची पहिली कळशी ती रहाटानेच काढते. का, असं विचारलं तर "सवय" म्हणते. दोरी ओढताना तिचे हात आपसूक मोजत असतात. होळीला तीन वाव, पाडव्यानंतर साडेतीन. आम्ही बाकीचे बटण दाबणारे. बटणाला बारा महिने सारखेच, पाणी एक तर असतं नाही तर नसतं.

"म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं की. पण तू विचारलंस कुठे? तू विचारलंस, पाणी पाजलंस का."

यावर मी चहा प्यायलो.

बोअरचा विषय मोटारवाल्यानेच मोडीत काढला. विहिरीला झरा आहे, तो फक्त बुजलाय, असं त्याचं म्हणणं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस घेणारा आमचा जिल्हा मे महिन्यात टँकरकडे डोळे लावून बसतो. जांभा दगड चाळणीसारखा, पडलेलं पाणी फार काळ धरून ठेवत नाही. जो झरा टिकतो त्याची तोंडं तरी मोकळी ठेवायला हवीत. मग चार गडी आले. उतरण्याआधी त्यांनी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडला. तो विझला असता तर कोणी खाली पाय ठेवला नसता. ज्योत सरळ राहिली. दोन दिवस घमेल्या घमेल्यांनी काळा गाळ वर येत होता. विहिरीतल्या कासवाचा मुक्काम तेवढे दिवस परसातल्या तांब्याच्या घंगाळात. काकू त्याला भाताची शितं घालत होती आणि ते तिच्याकडे पाठ फिरवून बसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जांभ्याच्या दोन चिऱ्यांच्या फटीतून, करंगळीएवढी धार सुटली. वरून मला ती दिसेना. खालच्या गड्याने ओंजळ धरली आणि पाणी चिऱ्यावर उडवलं, तेव्हा ओला डाग चमकला.

पंप मात्र बदललाच. आता पाण्यातच बुडून बसणारी मोटर सोडलीय. ती खालून ढकलते, त्यामुळे हवेच्या जोराशी तिला कर्तव्य नाही. तिची अडचण वेगळी. पाणी उतरून ती उघडी पडली तर जळते. "म्हणजे पाणी बघत राहायला हवंच," मोटारवाला म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता काकूकडे बघून बोलला. शेवटी टीसीएल पावडर पडली. चार दिवस घरच्या चहाला पोहण्याच्या तलावाचा वास होता. कासव मात्र वास पुरता गेल्यावरच आत सोडलं.

जुन्या पंपाच्या ओट्यावर आता काकू आमसुलं वाळत घालते. दर रविवारी ती ग्रुपवर एक आकडा टाकते, बाकी काही नाही. मेच्या अखेरीस पाच आला तेव्हा मी तिला मोटर दिवसातून एकदाच, तीही दहाच मिनिटं लावायला सांगितली. तिने कळवलं की ती आठवडाभर तेच करतेय. मृगाने आठ दिवस उशीर केला. मग साडेचार, साडेतीन, दोन.

काल आकडा नव्हता. नुसतं लिहिलं होतं: "वाकून तांब्या बुडतो."