बंद होडी, उसने गोंडवन

होळी होऊन आठवडा झाला होता. नागपुरात या दिवसांत सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत हवा सोसवते, त्यानंतर ऊन अंगावर येते, म्हणून आम्ही दोन कुटुंबे रविवारी सात वाजताच प्रतापनगरातून निघालो. मी, माझी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. सोबत माझ्या कार्यालयातील एक सहकारी, त्यांच्या पत्नी आणि त्यांची दोन मुले. सहकारी मूळचे गोंदिया जिल्ह्यातील देवरीकडचे, गोंड समाजाचे. शहराबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात गोंडवनाच्या, म्हणजे गोंडांच्या जुन्या मुलखाच्या, कल्पनेवर आधारलेला नवा विभाग सुरू झाल्याची जाहिरात त्यांनीच मला दाखवली होती. जंगलातल्या नदीतून होडीची सफर, झुलता पूल, उंचावरून खाली येणारा पाळणा, आदिवासी गाव आणि सायंकाळी प्रकाशाचा खेळ, अशी पाच आकर्षणे त्या जाहिरातीत होती. "आमच्या नावाने शहराजवळ काहीतरी होत आहे, पोरांना दाखवलंच पाहिजे," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद मला अजून आठवतो. उद्यानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार मी त्यांच्याकडे लेखी दिली आहे आणि त्यांचे उत्तर यायचे आहे.

रस्ता सुंदर होता. दोन्ही बाजूंनी पळस ऐन बहरात होता, आणि एका गावाच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली तीन-चार बाया टोपल्या घेऊन फुले वेचत होत्या. सहकाऱ्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून सकाळपर्यंत टपटप गळते. ते फिकट पिवळे, मांसल आणि रसाने भरलेले असते, द्राक्षाएवढे, आणि त्याचा गोडसर वास हातावर बराच वेळ राहतो. त्या बायांनी मुलांच्या ओंजळीत फुले दिली. माझ्या मुलीने एक फूल चाखले, क्षणभर विचार केला आणि दुसरे तोंडात टाकले. पुढच्या प्रवासात सहकारी मुलांना सांगत होते की ज्या शहरातून आपण निघालो ते नागपूर आताच्या मध्य प्रदेशातील देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने 1702 मध्ये बारा वाड्या एकत्र करून वसवले, त्यांचा मुलगा चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, आणि आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. ताडोबा हे नावसुद्धा तारू या गोंड देवावरून पडले आहे, हे ऐकून मुलांनी डोळे मोठे केले. अशा तयारीने आम्ही उद्यानाच्या दाराशी पोहोचलो.

प्रौढांचे तिकीट 850 रुपये आणि मुलांचे 600. सात जणांचे मिळून 5,200 रुपये झाले, जे मध्यमवर्गीय दोन घरांच्या दृष्टीने एका दिवसासाठी कमी नाहीत. नव्या विभागाचे पैसे या तिकिटातच आहेत, असे खिडकीवरच्या मुलाने सांगितले. कोणते आकर्षण बंद आहे, याचा उल्लेख त्याने केला नाही आणि खिडकीवर तसा फलकही नव्हता.

नव्या विभागाच्या कमानीतून आत गेलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. होडीच्या सफरीसमोर आधीच चाळीस-पन्नास माणसे उभी होती, म्हणून आम्हीही रांगेत लागलो. पंचवीस मिनिटे उभे राहिल्यावर पुढून लोक परत येऊ लागले. दाराला सुतळीने एक कागद बांधलेला होता आणि त्यावर "तांत्रिक कारणास्तव बंद" असे लिहिलेले होते. तो कागद रांगेच्या शेवटच्या टोकाला लावायला हवा, म्हणजे लोक उन्हात उभे राहणार नाहीत, हे कोणाला सुचले नव्हते. मी कठड्यावरून आत वाकून पाहिले. निळ्या रंगाने रंगवलेला सिमेंटचा पाट कोरडा ठणठणीत पडला होता, त्यात सिमेंटची रिकामी पोती आणि वाळूचा ढीग होता, आणि होड्या प्लास्टिकच्या वेष्टनासकट एका बाजूला उलट्या ठेवलेल्या होत्या. यंत्रात बिघाड झाला असता तर मी समजून घेतले असते, कारण यंत्रे बिघडतात. येथे मात्र काम पुरे झालेलेच नव्हते, आणि त्याला तांत्रिक कारण म्हणणे हे पाहुण्यांशी खोटे बोलणे आहे. झुलता पूलही बंद होता. प्रकाशाचा खेळ पुढच्या महिन्यात सुरू होईल, असे सुरक्षारक्षकाने सांगितले. म्हणजे पाचांपैकी पाळणा आणि गाव एवढीच दोन आकर्षणे चालू होती.

नवे उद्यान पहिल्या दिवसांत अडखळते, हे मला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले तेव्हा खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो जादा लोक आत शिरले, नव्याने टाकलेले डांबर उन्हाने मऊ झाल्यामुळे बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बहुतेक नळ कोरडे राहिले. तरीही त्या उदाहरणाचा आधार घेऊन येथल्या मालकांना सोडून देता येत नाही. ज्याला अर्धवट विभाग उघडायचाच आहे त्याने तो चाचणीचा काळ आहे असे जाहीर करावे, दर कमी ठेवावा, आणि जे बंद आहे ते तिकीट फाडण्यापूर्वी सांगावे. पुरे पैसे घेऊन अर्धी वस्तू हातात ठेवली की माणूस पुन्हा येत नाही.

उन्हाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नागपूरजवळ मोकळ्या जागेत काही बांधणाऱ्या माणसाने सगळ्यांत आधी त्याचाच विचार करायला हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि घरोघरी माणसे कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात, अंगणावर हिरवी जाळी बांधतात, दुपारी बारा ते चार बाहेर पडत नाहीत. हे शहाणपण येथल्या लहान मुलालाही असते. त्या विभागात मात्र मार्च महिन्यातच अकरा वाजता उभे राहवत नव्हते. सगळीकडे काँक्रीटची फरशी, झाडे म्हणून उभी केलेली फायबरची खोडे, आणि त्यांच्यावर प्लास्टिकची पाने, ज्यांची सावली खाली चाळणीसारखी पडत होती. सहकाऱ्यांच्या धाकट्या मुलाने फायबरच्या वाघाच्या पाठीवर बसण्यासाठी हात टेकला आणि चटका बसून तो रडू लागला. पाण्याची टाकी एकच होती आणि तिथपर्यंत जायला विभागाच्या पार टोकापर्यंत चालावे लागत होते. बसायला बाके होती सहा, तीही उन्हात. खरे झाड एकही तोडून टाकण्याची गरज नसलेल्या त्या माळावर दोन-चार कडुलिंब आणि एखादा वड चार वर्षे आधी लावला असता तरी आज त्यांच्या सावलीत काही माणसे बसली असती.

आता गावाविषयी. आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते हेच, आणि माझे मन सर्वांत अधिक येथे दुखावले.

आठ झोपड्या अर्धवर्तुळात उभ्या होत्या. भिंती गेरूच्या रंगाच्या आणि त्यांवर पांढऱ्या रंगात त्रिकोणी अंगाची माणसे, तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे काढलेली होती. ही वारली चित्रकला आहे. ती पालघर-डहाणूकडची, राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. तिचा मान तिच्या जागी मोठा आहे, पण गोंडांच्या घरावर ती काढणे म्हणजे कोकणातल्या घराला वऱ्हाडातले घर म्हणून दाखवण्यासारखे आहे. गोंड चित्रकला म्हणून जी आज जगभर ओळखली जाते ती मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधान गोंडांची, जनगढ सिंह श्याम यांनी 1980 च्या दशकात कागदावर आणि कॅनव्हासवर आणलेली. तिच्यात प्राणी, पक्षी, झाडे यांचे आकार बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेले असतात आणि ती वारलीपासून पहिल्या नजरेत वेगळी कळते. सहकारी एका भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितले की त्यांच्या आजोबांच्या घराच्या कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या आणि छुईने म्हणजे पांढऱ्या मातीने पोतलेल्या असत, वर कवेलू म्हणजे कौले, समोर सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परसू, आणि सपरीत मोहाची फुले वाळत घातलेली असत. त्या आठ झोपड्यांपैकी एकीलाही सपरी नव्हती. छपरावर गवतासारखे दिसणारे प्लास्टिक होते आणि अंगणात नारळाची दोन नकली झाडे होती.

त्यांच्या मुलीने विचारले, "बाबा, आबांच्या गावचं घर असं होतं का?"

"नाही बाळा, असं नव्हतं," एवढेच ते म्हणाले.

सर्वांत मोठ्या झोपडीवर "गोटूल" अशी पाटी होती. आत रंगीत दिवे लावून, मोठ्या आवाजात चित्रपटांतील गाणी वाजवून नाचण्याची सोय केली होती. गडचिरोलीच्या माडिया गोंडांच्या गावांमध्ये गोटूल ही गावाची जागा असते. तरुण मुले-मुली तिथे गाणी आणि नाच शिकतात, गावाचे प्रश्न तिथे बसून सोडवले जातात, पाहुणा आला तर त्याला तिथे उतरवतात. रेला गाण्यांच्या तालावर रात्रभर चालणारा नाच ज्यांनी एकदा पाहिला असेल त्यांना त्या पाटीखालचा तो गोंगाट ऐकवला नसता. बाहेर पानांचे घागरे घातलेले, तोंडाला काळा-पांढरा रंग लावलेले, हातात पुठ्ठ्याचे भाले घेतलेले चार तरुण आरोळ्या ठोकत पाहुण्यांबरोबर छायाचित्रे काढून घेत होते. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांपैकी एकजण पाणी प्यायला बाजूला आला तेव्हा मी त्याच्याशी बोललो, तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि रविवारी रोजंदारीवर हे काम करत होता. "सर, दोन दिवस आधी आम्हाला हे कपडे दिले आणि ओरडायला सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही," असे तो म्हणाला. सहकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "जय सेवा" म्हटले. गोंड समाजात एकमेकांना भेटल्यावर हेच म्हणतात. त्या मुलाला ते कळले नाही, तरी त्याने नम्रपणे हात जोडले.

वहिनींनी मुलांना छायाचित्रासाठी पुढे जाऊ दिले नाही. परतीच्या वेळी त्यांची मुलगी माझ्या मुलीला सांगत होती, "आमच्याकडे कोणी असे कपडे घालत नाही," आणि ते ती पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू कोणी तिच्यावर आरोप केला होता. होडी बंद असल्याची हळहळ मुले दुसऱ्या दिवशी विसरली असती. एका अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या समाजाची सफाई द्यावी लागली, हे मात्र मला पैशांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे वाटते. आम्हीच तिला उत्साहाने तिथे नेले होते, ही खंत सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर दिसत होती.

जे चांगले होते तेही लिहिले पाहिजे. उद्यानाच्या जुन्या भागातील स्वच्छतागृहे खरोखर स्वच्छ होती, पाळण्यावर काम करणारी मुले प्रत्येकाचा पट्टा दोनदा ओढून पाहत होती, आणि पोहण्याच्या तलावाशी जीवरक्षक सतत उभे होते. जेवणात पिठलं-भाकरी आणि सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, मिळाली, सांबारवडी गरम आणि कुरकुरीत होती.

निघण्यापूर्वी मी व्यवस्थापकांना भेटलो. त्यांनी आम्हाला बसवून पाणी दिले, ऐकूनही घेतले, आणि "सुट्ट्यांच्या आधी सुरू करणे भाग होते" असे प्रांजळपणे सांगितले. झोपड्यांचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिले होते आणि चित्रे त्याच्या कारागिरांनी काढली, असेही ते म्हणाले. गोंड समाजातील एकाही माणसाला विचारले होते का, या माझ्या प्रश्नावर ते गप्प राहिले.

तक्रारवहीत मी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: बंद आकर्षणांची यादी तिकीट खिडकीवर लावावी, होडी आणि पूल सुरू होईपर्यंत तिकिटाचा काही भाग परत करावा, आणि पाटीवरचे "गोटूल" हे नाव व ते पानांचे घागरे आधी काढावेत. सहकाऱ्यांनी त्याखाली आपल्या हाताने जोडले की देवरी, कोरची, एटापल्ली या भागांत कुडाचे घर बांधणारे गवंडी आणि बांबूचे काम करणारे बुरूड आजही आहेत, त्यांना बोलवावे, लागल्यास ते स्वतः सोबत येऊन गावे दाखवतील. त्या पानाचे छायाचित्र मी जवळ ठेवले आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवायची असे आम्ही ठरवले आहे.

सुट्ट्यांत मुलांना घेऊन अशा कोणत्याही नव्या विभागात जाणार असाल तर पैसे देण्यापूर्वी खिडकीवर एकेका आकर्षणाचे नाव घेऊन ते आज चालू आहे का, हे विचारा. आणि खरा गोंड इतिहास दाखवायचा असेल तर शहरातच 1863 साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला आहे. तिथल्या आदिवासी दालनात आम्ही पुढच्या रविवारी दोन्ही घरची मुले घेऊन जाणार आहोत, आणि या वेळी मुलांना काय पाहायचे ते सहकाऱ्यांची मुलगी सांगणार आहे.