होडीत काय काय नको

शनिवार

दुरुस्तीला काढलेल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीत आज पाणी भरलं. गळते कुठे हे शोधायचं तर आत भरून बाहेरून बघणं, याइतका खात्रीचा उपाय नाही. ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं बूच, घट्ट लावला, ट्रेलरवर कण्याखाली आणि दोन्ही अंगांना लाकडी टेके दिले, मग नळी सोडली. तळावर चार बोटं पाणी चढलं की नळ बंद. त्याहून जास्त नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, बघता बघता आत शेकड्यांनी किलो बसतात. हा पत्रा बाहेरून पाण्याचा रेटा झेलायला घडवलाय, पोटात ओझं घेऊन लोंबायला नाही.

टॉर्च आणि मार्कर घेऊन खाली आडवा झालो. टपकणारे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे ठोकून बसवलेले खिळे, लगेच सापडतात. लबाड ते, जे टपकत नाहीत, नुसते पाझरतात. कोरड्या फडक्याने पुसायचं आणि वाट बघायची. थोड्या वेळाने डोक्याभोवती बारीक ओली कडा उमटते, मग तिचा एका बाजूला मणी होतो. त्याला गोल करायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळींवर गोलच गोल झाले, आणि सगळ्यात दाट मधल्या बाकाखाली. पत्र्यांच्या जोडाची शिवण मात्र एक जागा सोडली तर ठणठणीत कोरडी. जुनी असली तरी बांधणी चोख आहे.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. "वेल्डिंग का मारून घेत नाहीस रे सरळ? रोजची कटकट जाईल." काका, पत्रा फार पातळ आहे, एवढंच म्हणालो. पूर्ण उत्तर इथे लिहून ठेवतो. असल्या होड्यांना बहुतेक वेळा ५०५२ जातीचा पत्रा असतो. त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि त्याला ताठपणा येतो तो थंड लाटण्यातून. वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारचा पत्रा पुन्हा मऊ पडतो. वर आणखी एक अडचण. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. म्हणजे वरचं कवच फुटायच्या आत खालचा पत्रा पाणी होऊन गळून पडायचा. त्यात शिवणीत वर्षानुवर्षांचं तेल आणि गाळ. हाताळणारा तयारीचा असेल तर जमतंही, पण रिव्हेटच्या जागी रिव्हेटच बरा.

रविवार

बाकांची झाकणं उघडली. आतल्या फोमचा पाणी पिऊन पिऊन दगड झालाय. तुकडा पिळला तर धार लागली. होडी पाण्यात सुस्त चालते, मागे बसते, अशी तक्रार असलेल्या निम्म्या लोकांनी इंजिनाला दोष देण्याआधी बाक उघडून बघावं, असं माझं मत होत चाललंय.

हा फोम काढून बाकाखाली सामानाचे कप्पे करावेत हा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही झाला. जागा एवढी, आणि ती नुसती कोंडून ठेवलेली! पण होडी भरली तर ती तळाशी जायची नाही, पालथ्या कडेला धरून माणसं तरंगतील, याची सगळी भिस्त त्या फोमवर. अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमात तर २० फुटांखालच्या आउटबोर्ड (मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या) होड्यांना पाणी भरल्यावरही तरंगत राहण्याची अट १९७० च्या दशकापासून आहे. गणितही सोपं आहे. पॉलियुरेथेन फोम घनमीटरला साधारण ३२ किलो, आणि तेवढ्या जागेतलं पाणी हजार किलो. मधला फरक म्हणजे उचल. कप्प्यांचा बेत रद्द.

ओतायचा फोम घ्यावा की पाट्या, यावर संध्याकाळ गेली. ओतलेला फोम कानाकोपरा भरतो, पण फुगताना पातळ पत्रा बाहेर ढकलतो, आणि पुढे कधी खाली पाणी शिरलं तर ते काढायला वाट उरत नाही. पाट्या कापून बसवल्या तर हिवाळ्यात बाहेर काढून सुकवता येतात. म्हणून पाट्या. मात्र पॉलिस्टायरीनच्या पाट्या पेट्रोलने विरघळतात, म्हणून इंधनाच्या टाकीशेजारच्या बाकात त्या नाहीत, तिथे पॉलियुरेथेनच.

मंगळवार

मागची फळी. बाहेरून रंग तुकतुकीत, आत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा धक्का या लाकडावर येतो, आणि बांधणाऱ्यांनी ते दोन पत्र्यांच्या मध्ये असं बसवलेलं असतं की शिरलेलं पाणी बाहेर पडू नये. कुजकं लाकूड तुकड्यातुकड्यांनी काढलं. तळाशी नुसता काळा चिखल होता.

जुन्याचा जेवढा आकार शाबूत होता त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय इपॉक्सीने एकमेकांवर चिकटवून शिकंजात धरल्यात. प्लाय साधा वॉटरप्रूफ, "ट्रीटेड" नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण जास्त टिकेल या समजुतीने लोक नेमका तोच आणतात. कीड लागू नये म्हणून त्या लाकडात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये ओल, एवढं जमलं की विजेचा घट तयार, आणि त्यात झिजणार ते ॲल्युमिनियमच. काही वर्षांत पत्र्याला पांढरी भुकटी सुटते आणि सुईएवढी भोकं पडतात.

हे काही आजचं ज्ञान नाही. १८९५ साली अमेरिकाज कप जिंकणाऱ्या 'डिफेंडर' या शर्यतीच्या नौकेचा पाण्याखालचा भाग ब्राँझचा होता आणि वरचा ॲल्युमिनियमचा, वजन वाचावं म्हणून. शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी नांदेनात, आणि १९०१ मध्ये ती मोडीत काढली. एका शर्यतीपुरतीच बांधली होती म्हटलं तर सौदा वाईट नाही. मला मात्र ही होडी शर्यतीला न्यायची नाही.

बोल्टची भोकं आधी मोठी पाडणार, इपॉक्सीने भरणार आणि त्या इपॉक्सीत पुन्हा बारीक भोक पाडणार. म्हणजे पाणी आलं तरी बोल्टपाशी येईल, लाकडापर्यंत नाही. बोल्ट स्टेनलेसचे. तेही ॲल्युमिनियमला परकेच, पण एवढ्या मोठ्या पत्र्यापुढे एवढासा बोल्ट, म्हणून झीज सोसण्यासारखी राहते. पितळेचं काहीही नको. जुन्या मालकाने बसवलेला पितळी ड्रेन प्लगही नको, त्याच्याभोवती पत्रा खरवडल्यासारखा झालाय.

शनिवार

रिव्हेट. धाकटा भाऊ आला होता, कारण हे काम एकट्याचं नाही. होडी उपडी घातली, तो आत शिरला लोखंडी ठोकळा घेऊन, मी बाहेर एअर हॅमर घेऊन. दोघांच्याही कानांवर मफ, त्यामुळे बोलणं बंद. ठरवलं की त्याने आतून एकदा टकटक केलं तर आणखी मार, दोनदा केलं तर झालं.

नुसते सैल झालेले आहेत ते पुन्हा ठोकून बसतात. मान तुटलेले ड्रिलने काढून नवे. नवा रिव्हेट सीलंटमध्ये (फटी बुजवणाऱ्या चिकट लेपात) बुडवून भोकात घालायचा आणि आत त्याचं शेपूट जाडीच्या दीडपट बाहेर राहिलं पाहिजे. पावणेपाच मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर सात मिलिमीटर. कमी राहिलं तर चपटं डोकं पुरेसं पसरत नाही, जास्त राहिलं तर शेपूट आडवं वाकतं. ठोकून झाल्यावर ते दीडपट रुंद आणि निम्मं उंच दिसायला हवं.

भाऊ सुरुवातीला टॉर्च लावून प्रत्येक शेपूट बघत होता. नंतर बघायचं सोडून दिलं. डोकं बाहेर काढून म्हणाला, "दादा, आवाजावरून कळतंय रे. आधी टणटण वाजतं, बसलं की बद्द होतं." मी मफ जरा सरकवून ऐकलं. खरंच होतं. ठोकळा नीट टेकलेला असेल तर शेवटच्या एक-दोन ठोक्यांना पत्र्याचा झणकार जातो आणि नुसता दाबलेला आवाज राहतो. त्यानंतर काम भराभर झालं. दोनदा टकटक, पुढचा. दोनदा टकटक, पुढचा.

जिथे त्याचा हात पोचला नाही तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट, जे एकाच बाजूने बसवता येतात. साधे पॉप रिव्हेट आरपार पोकळ असतात, होडीच्या तळाला म्हणजे गळतीचं आमंत्रणच.

त्याच्या केसांना लागलेलं सीलंट दोन दिवस निघणार नाही. वहिनीला तोंड कोण देणार, हा प्रश्न त्याने मला विचारला.

सोमवार

आज आत साफसफाई करताना जुन्या बिल्ज पंपाचा (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा खटका, निघाला, आणि त्यात काचेच्या नळीत पारा. नळी शाबूत होती म्हणून बरं. ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, ते त्याच्यावरच्या काही नॅनोमीटरच्या ऑक्साइडमुळे. ओरखडा पडला की तो थर लगेच पुन्हा धरतो. पारा त्या थराखाली शिरला की धातूशी मिसळतो आणि थर पुन्हा धरूच देत नाही. मग आतलं ॲल्युमिनियम भसाभस पांढरं होऊन बाहेर येत राहतं. विमानात पारा नेण्यावर कडक बंधनं आहेत ती याचमुळे. स्विच दोन डब्यांत बंद केला, धोकादायक कचऱ्यात जाईल.

मग रंग. जुन्या रंगाखाली हिरवट पिवळा थर दिसला. झिंक क्रोमेट असणार, एके काळी ॲल्युमिनियमवर तेच मारायचे. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं, तेव्हा कोरडं घासणं बंद. ओल्या पेपरने, मास्क लावून, खाली ताडपत्री घालून, आणि ताडपत्रीवरचं सगळं त्याच कचऱ्यात. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूल या होडीच्या जवळपास आणायचं नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खड्डे पडायला लागतात.

तळाला रंग लावायचाच नाही असं ठरवलं. वाळूवर, दगडांवर ओढणार, रंग टिकणार नाही, आणि उघड्या ॲल्युमिनियमला गोड्या पाण्यात रंगाची गरजही नाही. कडेला लावणार, कारण देखणी दिसावी ही इच्छा मलाही आहे. आतून फिका राखाडी, बिनचकाकीचा. उघडा पत्रा उन्हात असा झळकतो की पाण्यातली दोरीसुद्धा दिसत नाही. एच प्रायमर (पत्रा किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला हात) मात्र घासल्यावर त्याच दिवशी मारायला हवा, रात्र मध्ये गेली की पुन्हा घासा.

गुरुवार

भाऊ नकाशा काढून घेऊन आला. पुढे नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मधल्या बाकापर्यंत उंच डेक, त्याखाली मासे धरायच्या रॉडचं लॉकर, मासे जिवंत ठेवायची टाकी, वर गालिचा, आणि चालायला वाट व्हावी म्हणून मधला बाक कापलेला. रेखाटन सुरेख होतं.

बाक कापायला मी साफ नकार दिला. बाक हा बसायला नसतो, म्हणजे बसायलाही असतो, पण मुख्य काम दोन्ही कडांना आतून धरून ठेवायचं. तो काढला की कडा फाकतात, तळ लचकतो, आणि परवा ठोकलेले रिव्हेट पुन्हा सैल. डेकचं वजन म्हणशील तर १२ मिलिमीटर प्लाय चौरस मीटरला सात किलोच्या आसपास. तीन मिलिमीटर ॲल्युमिनियम आठ किलो. म्हणजे धातूचा डेक हलका असतो हा भ्रमच, फक्त तो पाणी पीत नाही. पण आकडा खरा तो वजनाचा नाही, उंचीचा आहे. बाकाच्या उंचीवर उभा राहिलेला मोठा माणूस म्हणजे होडीचा सगळा तोल वर नेऊन ठेवलेला. मासा लागल्यावर तोच माणूस एका बाजूला झुकणार. टाकीत पाणी भरलं की ते पाणीही डचमळून त्याच बाजूला जाणार.

"मग काय, नुसता डबा ठेवायचा?" तो म्हणाला.

जवळजवळ. पुढच्या बाकापासून नाळेपर्यंतच बुटका डेक करू, बाकापेक्षा खाली, ॲल्युमिनियमच्या अँगलवर, बोल्ट काढले की सुटा होणारा. गालिचा नको, तो कधी सुकत नाही. त्याऐवजी खरखरीत रंग. टाकीऐवजी बर्फाची पेटी, हवी तेव्हा न्यायची. तो फुगून बसला होता, पण जाताना अँगलची मापं घेऊन गेला.

रविवार

वायरिंग. मोटारगाडीत पत्रा हाच निगेटिव्ह असतो, इथे ते मुळीच चालत नाही. प्रत्येक दिव्याला दोन वायरी, दोन्ही बॅटरीपर्यंत परत. प्रवाह पत्र्यातून वाहू लागला तर तो पत्र्यालाच खात जातो. वायर कथिलाचा मुलामा दिलेली, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून साधारण १८ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी वायसर. दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे उंच पांढरा.

इंजिनावरून पुन्हा जुंपली. क्षमतेच्या पाटीवर हॉर्सपॉवरचा आकडा अजून वाचता येतो. त्याला त्याहून मोठं हवंय, फळी नवी केलीस ना, म्हणतो. पाटी फळीपुरती नाही, अख्ख्या होडीची आहे. त्यावर तो बोलला नाही, पण मग निदान पुढे ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवायची छोटी विजेची मोटर) तरी, असं सुरू झालं. तिला हो म्हटलं, मलाही हवीच होती.

आता तिची बॅटरी कुठे ठेवायची यावर एकमत नाही. पुढे ठेवली तर वायर आखूड, पण नाळ जड. मागे ठेवली तर इंजिन, टाकी, माणूस आणि बॅटरी सगळं एकाच टोकाला, शिवाय लांब वायरीत विजेचा दाब पडू नये म्हणून ती जाडजूड घ्यावी लागणार. मी मधल्या बाकाशेजारी म्हणतोय. पुढच्या आठवड्यात होडी पाण्यात घालून, बॅटरीइतक्या वजनाचे पाण्याचे डबे तिन्ही ठिकाणी आळीपाळीने ठेवून बघणार आहोत. तोवर वायर कापायची नाही.